सोमवारी लाल किल्ला बंद असतो

सांगली जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत इतिहास शिकवणाऱ्या बाईंचं पत्र आलं आहे. पत्र मोठं आहे, त्यातला मुद्द्याचा भाग तेवढा देते.

"डिसेंबरात आमच्या आठवी-नववीच्या ४२ मुलामुलींची सहल दिल्लीला न्यायचं ठरतंय. सहल कंपनीने सोमवार ते बुधवार अशा तीन दिवसांत १८ ठिकाणं बसवून दिली आहेत. सोमवारी सकाळी लाल किल्ला, मंगळवार अख्खा आग्र्याला, बुधवारी उरलेली दिल्ली. संस्थेचे लोक खूश आहेत. मला मात्र वाटतं, पोरं बसमधून उतरतील, सेल्फी काढतील आणि परत चढतील. त्यात पालकसभेत एका पालकांनी विचारलं, 'बादशहांच्या कबरी बघायला एवढे पैसे कशाला? रायगड काय वाईट आहे?' मला तिथल्या तिथे उत्तर सुचलं नाही. शिवाय सात-आठ मुलांना हा खर्च झेपणारच नाही, त्यांतल्या दोघी माझ्या वर्गातल्या सगळ्यात हुशार मुली आहेत. सहल रद्द करायला सांगू का?"

ताई, रद्द करू नका. कंपनीचा कागद मात्र परत पाठवा, आणि पाठवताना एवढंच लिहा की सोमवारी लाल किल्ला बंद असतो. ज्याला हे माहीत नाही त्याच्या हाती ४२ मुलं देऊ नयेत. आणि माहीत असून त्याने सोमवार लिहिला असेल, तर 'बाहेरून दर्शन' दाखवून तो बस पुढे काढणार आहे, हे समजून घ्या. राष्ट्रीय संग्रहालय, गांधी स्मृती, रेल्वे संग्रहालय, तीन मूर्तीचं पंतप्रधान संग्रहालय, लोटस टेंपल, अक्षरधाम, ही सगळी सोमवारी बंद असतात. ताजमहाल शुक्रवारी बंद. कुतुबमिनार आणि हुमायूनची कबर सोमवारीही उघडी असते. एवढ्या माहितीवर अर्धा कार्यक्रम आपोआप लागतो.

आता १८ या आकड्याबद्दल. ४२ मुलांना बसमधून उतरवायचं, मोजायचं, बाथरूम शोधायची, तिकिटाच्या आणि सुरक्षा तपासणीच्या रांगेतून काढायचं, आत गेल्यावर पुन्हा मोजायचं, यात प्रत्येक ठिकाणी अर्धा तास जातो. निघताना पुन्हा तेच. दिल्लीचा ट्रॅफिक यात धरलेला नाही. म्हणजे दिवसाला सहा ठिकाणं केलीत तर पाच-सहा तास नुसते मोजण्यात आणि रांगेत गेले. तुम्हाला वाटते ती सेल्फीची भीती खरी आहे, पण त्यात पोरांचा दोष कमी. वीस मिनिटांत माणूस दुसरं करणार तरी काय?

माझं मत सांगते. तीन दिवसांत आठ ठिकाणं, त्याहून एकही जास्त नको. आणि प्रत्येक ठिकाणी एक गोष्ट अशी हवी, की ती मुलांनी स्वतःच्या डोळ्यांनी शोधायची आहे. बाकीचं दिसलं तर दिसलं.

आग्र्याला या वेळी काट मारा. जाऊन-येऊन चारशे किलोमीटरच्या वर बस होते आणि एक दिवस खिडकीत बसून संपतो. तुम्ही इतिहासाच्या, म्हणून तुमचा जीव आग्र्याच्या किल्ल्यात अडकला असणार. १६६६ मध्ये महाराज तिथे औरंगजेबाच्या दरबारात उभे राहिले, हे मुलांना तिथेच उभं राहून सांगायचं असणार. मला ते कळतं. अगदीच राहवत नसेल तर परतीच्या दिवशी जमवा. गोवा एक्स्प्रेस निजामुद्दीनहून निघते ती आग्रा कँटवरून तुमच्या सांगलीलाच येते. सकाळच्या गाडीने आग्र्याला उतरायचं, सामान स्टेशनच्या क्लोकरूममध्ये ठेवायचं, किल्ला बघायचा आणि परतीची तिकिटं आग्रा कँटपासूनची काढायची. दमणूक फार होते. मी असते तर केलं नसतं.

कबरींवरून प्रश्न विचारणाऱ्या पालकांना रागावू नका. प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर लाल किल्ल्यात आहे. पुढच्या पालकसभेत त्यांना सांगा की या किल्ल्यात आपल्या घरचाही इतिहास आहे, आणि तो सगळाच मिरवण्यासारखा नाही, म्हणून तर मुलांना तिथे न्यायचं.

शाहजहानने हा किल्ला १६४८ मध्ये पुरा केला. लाहोरी दरवाज्यातून आत गेलात की छत्ता चौकाचा छपराखालचा बाजार लागतो. तिथे मुलं बांगड्या आणि चाव्यांच्या रिंगांत अडकतील, त्यांना दहा मिनिटं आधीच देऊन टाका. मग नौबतखाना, दिवाण-ए-आम, आणि त्याच्या मागे दिवाण-ए-खास. दिवाण-ए-खासपाशी मुलांना काही न सांगता फक्त वर बघायला लावा. छत कशाचं आहे? रंगवलेल्या लाकडाचं. पूर्वी कशाचं होतं? चांदीने मढवलेलं. ती चांदी गेली कुठे?

ती आपण काढली. १७६० मध्ये सदाशिवराव भाऊ दिल्लीत होते. एवढ्या मोठ्या लष्कराला आणि त्याच्याबरोबरच्या बाजारबुणग्यांना खायला घालायचं होतं, पुण्याहून पैसा येत नव्हता. भाऊसाहेबांनी छताची चांदी उतरवली आणि तिचे रुपये पाडले. काही महिन्यांनी, १४ जानेवारी १७६१ ला, पानिपत झालं. तुमच्या नववीतल्या मुलांना पानिपत पाठ असतं, पण लढाईच्या आधी सैन्याचा पगार नावाची एक गोष्ट असते हे त्यांना त्या छताखाली जेवढं कळेल तेवढं फळ्यासमोर कळणार नाही.

तिथून हलू नका, पुढची गोष्टही त्याच जागेची आहे. पानिपतानंतर दहा वर्षांनी, १७७१ मध्ये, मराठे पुन्हा दिल्लीत आले. महादजी शिंद्यांनी अलाहाबादला इंग्रजांच्या आसऱ्याने राहणाऱ्या शाह आलम बादशहाला आणून त्याच्या गादीवर बसवलं. १७८८ मध्ये गुलाम कादिर नावाच्या रोहिल्याने किल्ला बळकावला आणि याच किल्ल्यात त्या म्हाताऱ्या बादशहाचे डोळे काढले. महादजींच्या फौजेने त्याला हाकललं, पकडलं आणि मारलं. त्यानंतर १८०३ पर्यंत दिल्लीचा कारभार शिंद्यांच्या हाती राहिला. ११ सप्टेंबर १८०३ ला यमुनेपलीकडे पटपडगंजला जनरल लेकने शिंद्यांच्या कवायती फौजेला हरवलं. तेव्हा दिल्ली इंग्रजांनी घेतली ती मुघलांकडून घेतली असं जे सगळ्यांच्या डोक्यात असतं, ते तितकंसं खरं नाही. पटपडगंज आज फ्लॅटच्या सोसायट्यांसाठी ओळखलं जातं, तिथे मुलांना नेण्यात अर्थ नाही. नकाशावर बोट ठेवून दाखवा.

मग १८५८. शेवटचा बादशहा बहादूरशहा जफर, त्याच्यावर इंग्रजांनी खटला चालवला तोही याच दिवाण-ए-खासमध्ये. आणि १९४५ मध्ये आझाद हिंद सेनेच्या शाहनवाज खान, प्रेम सहगल आणि गुरुबख्श सिंग धिल्लन या तीन अधिकाऱ्यांवरचा खटला पुन्हा लाल किल्ल्यातच. एक मुसलमान, एक हिंदू, एक शीख, आणि त्यांच्या बाजूने उभे राहिलेले वकील भुलाभाई देसाई. हे सगळं सांगायला अर्धा दिवस लागतो. मंगळवारची सकाळ पूर्ण इथेच ठेवा आणि जाताना बाटलीत पाणी भरून न्या.

रायगडचं म्हणाल तर तो आधी झालाच पाहिजे. सहावी-सातवीतच झाला असेल तर उत्तम. नसेल झाला, तर त्या पालकांचं बरोबर आहे, आणि संस्थेला तसं स्पष्ट सांगा.

कबर एकच ठेवा, हुमायूनची. सोमवारी ती उघडी असते, बाग मोठी आहे, दोन रात्री गाडीत आंबलेल्या पोरांना पळायला जागा मिळते. ताजमहालाच्या कितीतरी आधी, १५७० च्या सुमाराला झालेली ही इमारत. हिचा घुमट आणि चौकोनी बाग पाहिल्यावर आग्रा हुकल्याची हळहळ निम्मी होते. इथे सांगायची गोष्ट एकच. १८५७ च्या सप्टेंबरात दिल्ली पडल्यावर बहादूरशहा आपल्या पूर्वजाच्या या कबरीत येऊन लपला आणि हॉडसन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने त्याला इथेच पकडलं. सोमवारी हे सांगितलंत की मंगळवारी त्याच्या खटल्याची जागा बघताना मुलं तुमच्याआधी त्याचं नाव घेतील.

सोमवारी सकाळी कुतुबमिनार. मुलं विचारतील, वर जाता येतं का? नाही येत. ४ डिसेंबर १९८१ ला आत जिन्यात अंधार झाला, चेंगराचेंगरी झाली आणि ४५ जण गेले. त्यांत बहुतेक सहलीला आलेली शाळेतली मुलं होती. तेव्हापासून मिनार आतून बंद आहे. हे मुलांना सांगा, भीती घालायला नव्हे, पण रांग का करायची आणि ढकलाढकली का करायची नाही, याबद्दल पुन्हा बोलावं लागणार नाही. शेजारच्या मशिदीच्या खांबांवर घंटा आणि साखळ्या कोरलेल्या दिसतात. एखादा चुणचुणीत मुलगा विचारेलच. उत्तर तिथल्या पूर्व दरवाज्यावरच्या फारसी लेखातच आहे: २७ देवळांचं सामान वापरून ही मशीद बांधली. जे आहे ते सांगावं, आवाज न चढवता. मग लोहस्तंभाकडे न्या. सहा टनांहून जड, सोळाशे वर्षांचा, आणि गंज जवळजवळ नाही. तुमच्या विज्ञानाच्या सरांना तिथे पाच मिनिटं द्या. स्तंभाला पाठ लावून हात मागे गुंफायचा जुना खेळ आता होत नाही, १९९७ पासून कुंपण आहे.

सोमवारी संध्याकाळी बंगला साहिब गुरुद्वारा. डोकं झाकायला प्रत्येकाकडे रुमाल हवा. लंगरमध्ये सगळ्यांना एका पंगतीत बसून जेवू दे, वाढायला हात लावता आला तर लावू दे. जेवणाचा खर्च वाचतो हा फायदा आहेच. पण तुमच्या भागातली निम्मी घरं वारकरी असतील. त्या मुलांना सांगा की आत ज्या ग्रंथापुढे लोक माथा टेकताहेत, त्यात आपल्या नामदेवांची ६१ पदं आहेत. बघा कशी वळून बघतात.

मंगळवारी दुपारी गांधी स्मृती, म्हणजे जुनं बिर्ला हाउस. राजघाट मी वगळला आहे, कारण तिथे बघण्यासारखी एक काळी शिळा आणि भोवती हिरवळ एवढंच आहे आणि मुलांना तिथे काय करावं ते कळत नाही. बिर्ला हाउसमध्ये गांधीजी शेवटचे १४४ दिवस राहिले. त्यांच्या खोलीपासून प्रार्थनेच्या जागेपर्यंत सिमेंटची पावलं उमटवून ठेवली आहेत. ती पावलं मध्येच थांबतात. तिथे काही बोलू नका.

बुधवारी सकाळी अलीपूर रोडवरचं डॉ. आंबेडकर राष्ट्रीय स्मारक. बहुतेक सहल कंपन्यांच्या यादीत हे नसतं, आणि महाराष्ट्रातून येणाऱ्या शाळेच्या यादीत ते नसावं याचं मला दरवेळी आश्चर्य वाटतं. ६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेब गेले ते इथे, २६ अलीपूर रोडला. नवी इमारत उघड्या पुस्तकाच्या आकाराची आहे. जाण्याआधी वर्गात मूळ संविधानातल्या चित्रांच्या प्रती दाखवा. प्रेम बिहारी नारायण रायजादा यांनी ते सगळं हाताने लिहिलं, आणि नंदलाल बोस व त्यांच्या शांतिनिकेतनच्या विद्यार्थ्यांनी पानं सजवली. निवडणुकांच्या भागावर शिवाजी महाराज आहेत, गुरू गोविंदसिंगांसोबत. मुलांना ते शोधायला लावा.

दुपारी राष्ट्रीय युद्ध स्मारक. हे इंडिया गेटच्या लगतच आहे, २०१९ मध्ये झालं, तिकीट नाही. इंडिया गेटवर पहिल्या महायुद्धाच्या काळातली नावं आहेत, इथे स्वातंत्र्यानंतरची. ग्रॅनाइटच्या तुकड्यातुकड्यांवर पंचवीस हजारांहून जास्त जवानांची नावं कोरली आहेत. निघण्याआधी सांगलीच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून तुमच्या तालुक्यातल्या शहीद जवानांची नावं, पलटण आणि साल आणा. पाच-सात मुलांच्या गटाला एकेक नाव द्या आणि शोधायला सांगा. ज्या गटाला आपल्या शेजारच्या गावचं नाव भिंतीवर सापडेल, तो गट तिथून लवकर निघणार नाही. परमवीरचक्र मिळालेल्यांचे पुतळे शेजारीच आहेत. त्यांत रामा राघोबा राणे शोधा, बॉम्बे सॅपर्सचे, ज्यांनी १९४८ मध्ये सुरुंग काढत राजौरीकडचा रस्ता मोकळा केला.

आठवं ठिकाण संसद. तिथे सहल कंपनीचं काही चालत नाही. तुमच्या खासदारांच्या कार्यालयात मुख्याध्यापकांचं पत्र आणि मुलांची यादी महिनाभर आधी द्या आणि पाठपुरावा करा. परवानगी नाही मिळाली तर बाहेरून जुनं गोल संसद भवन दाखवा आणि मोकळे व्हा.

बस तीनही दिवस ठेवू नका. लाल किल्ल्याला मेट्रोने जा, स्टेशनचं नावच लाल किल्ला आहे. पण मेट्रोची तालीम आधी घ्या. गावाकडची मुलं सरकत्या जिन्यापुढे थबकतात. एक पाय उचलून धरतात आणि टाकत नाहीत, मागे गर्दी तुंबते, पुढचे चौघे वर पोहोचलेले असतात. सांगलीत किंवा कोल्हापुरात एखाद्या मॉलमध्ये अर्धा तास नेऊन जिन्यावर चढ-उतार करून घ्या, लाजू नका. गाडीचं दार काही सेकंदांत बंद होतं. म्हणून दोनच नियम, आणि ते मुलांकडून म्हणवून घ्या: फलाटावर मागे राहिलो तर जागेवरून हलायचं नाही, आणि चुकून एकटाच चढलो तर पुढच्या स्टेशनवर उतरून तिथेच उभं राहायचं. दहा मुलांमागे एक शिक्षक, त्या दहांची नावं त्याच्या खिशात.

फोन मुलांकडे नकोत. शिक्षकांपैकी एकाने फोटो काढावेत आणि रोज रात्री पालकांच्या ग्रुपवर टाकावेत. मुलींसाठी सॅनिटरी पॅड तुमच्या पिशवीत हवेत, मागायची वेळ येऊ नये अशा बेताने. थंडीचा अंदाज तुमच्याकडच्या डिसेंबरवरून बांधू नका. कानटोपी, पायमोजे आणि दोन स्वेटर सांगा. तारीख डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यातली घ्या. महिनाअखेरीपासून धुकं पडतं, गाड्या सहा-सहा, आठ-आठ तास रखडतात. जानेवारी तर नकोच, २६ जानेवारीच्या तालमींसाठी कर्तव्यपथ आणि लाल किल्ल्याचा परिसर बंद होत राहतो.

पैशांचं शेवटी घेतलं, पण करायचं सर्वात आधी. शैक्षणिक सहलीसाठी रेल्वे विद्यार्थ्यांना स्लीपरच्या भाड्यात ५० टक्के सवलत देते, अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना ७५ टक्के. ही तिकिटं ऑनलाइन निघत नाहीत. मुख्याध्यापकांचं पत्र आणि यादी घेऊन आधी रेल्वेकडून सवलतीचा कागद करून घ्यावा लागतो, मग खिडकीवर तिकीट. एका फॉर्मवर सहाच नावं बसतात, त्यामुळे ४२ मुलांचं एकत्र आरक्षण करायचं तर आरक्षण केंद्रातल्या पर्यवेक्षकांना आधी भेटा. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. पुरातत्त्व खात्याच्या वास्तूंमध्ये १५ वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. जन्मतारखेसह बोनाफाइड सोबत ठेवा. कंपनीने हे सगळं पूर्ण दराने धरलं आहे का ते विचारा. आणि हेही विचारा, की शिक्षकांच्या 'फुकट' जागांचे पैसे कोणाच्या माथी आहेत. ते मुलांच्या वर्गणीत घातलेले असतात. आग्रा, बसचे दोन दिवस आणि या जागा काढल्यात की माणशी आकडा बराच खाली येईल.

त्या सात-आठ मुलांची नावं वर्गात वाचू नका, पालकसभेतही नको. 'गरजू विद्यार्थी' असा शब्द कुठल्याही कागदावर येऊ देऊ नका. जमा झालेल्या आणि सवलतीने वाचलेल्या पैशांतून, माजी विद्यार्थ्यांकडे शब्द टाकून, ती रक्कम उभी करा आणि सगळ्यांना एकसारखी पावती द्या. संस्था हो म्हणाली नाही तर सहल रद्द करण्याऐवजी ती पुढच्या वर्षी ढकला आणि जूनपासून महिन्याला थोडे थोडे जमवा. त्या दोन हुशार मुलींच्या घरी मात्र तुम्ही स्वतः जा. बऱ्याचदा पैशांचं कारण पुढे असतं आणि मागे 'मुलीला इतक्या लांब कसं पाठवायचं' हे असतं. सोबत कोण कोण बाई आहेत, मुक्कामात मुलींच्या खोल्या कुठे आहेत, रात्री दाराशी कोण झोपणार, हे आईला सांगा, आणि तुमचा फोन नंबर कागदावर लिहून त्यांच्या हातात द्या.

शिक्षणाधिकाऱ्यांची लेखी परवानगी आणि पालकांची संमतिपत्रं हाती येईपर्यंत कंपनीला आगाऊ रक्कम देऊ नका. नवा कार्यक्रम त्यांना मान्य नसेल तर दुसरी कंपनी बघा. त्यांनाही आधी सोमवारचंच विचारा.